आबांच्या हातची पोळी

नाशिकहून एका मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. गोषवारा देते, नावं बदलली आहेत. घरात ती, नवरा, नववीतली मुलगी आणि सासरे. सासरे म्हणजे आबा, वय ७४, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. शिवाय सहा वर्षांचा लॅब्राडॉर बंडू आणि पाच वर्षांची मांजर चिंगी. दोघांचीही नसबंदी झालेली. मध्यंतरी लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी बंडूला काट्यावर उभं केलं, तर ४१ किलो. ‘हा ३२चा हवा,’ असं ते म्हणाले. चिंगी भरली ६.३ किलो, ती साडेचारच्या आसपास हवी. मैत्रिणीनं बंडूचं कोरडं खाणं निम्म्यावर, १७० ग्रॅमवर आणलं, संध्याकाळचं फिरवणं वाढवलं, पण महिना झाला तरी काटा हललेला नाही. तिच्या मते याचं कारण एकच, आबा. सकाळी चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, दुपारी तूप लावलेली पोळी, रात्री आणखी एक आणि वर वाटीभर दूध. ‘कितीदा सांगितलं. हसून मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच.’ नवरा म्हणतो, मुका जीव आहे, खाऊ दे, तेवढंच त्याचं सुख. तिनं विचारलंय: आबांना एकदा कडक शब्दांत सांगू, की बंडूला दोन महिने बोर्डिंगमध्ये ठेवून वजन उतरवूनच घरी आणू? आणि जाता जाता: चिंगीला दोन-तीन दिवस उपाशी ठेवलं तर तिची सवय मोडेल का?

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. चिंगीला उपाशी ठेवू नका. तीन दिवस नाही, एक दिवसही नाही. आपण एकादशी करतो, कुत्रा एखादा दिवस खात नाही आणि निभावून नेतो. मांजराचं शरीर तसं नाही, आणि लठ्ठ मांजराचं तर मुळीच नाही. खाणं थांबलं की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे जाते आणि मांजराच्या यकृताला ती तेवढ्या वेगानं निपटता येत नाही. ती तिथेच साठत जाते. मांजर मलूल होतं, होतं नव्हतं ते खाणंही सुटतं, हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते. दोन-चार दिवसांचा उपास एवढं सगळं घडवायला पुरतो. मग नळी घालून कित्येक आठवडे भरवावं लागतं आणि तरीही सगळीच मांजरं वाचत नाहीत. त्यामुळे उद्या तुम्ही तिचं खाणं बदललंत आणि तिनं दिवसभर तोंड लावलं नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून बसून राहू नका. जुनं खाणं पुढे करा आणि तरीही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

चिंगीकडे परत येऊ. आता बंडू आणि आबा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्याबरोबर मीही आबांवर चिडले. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडले. ती तुम्ही ओघात लिहून गेला आहात: ‘माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना तो भुंकू नये म्हणून मी चीजची एक स्लाइस देते.’ एक स्लाइस म्हणजे साठेक कॅलरी. आणि मीटिंगा रोज किती असतात हो? मुलगी काय देते याबद्दल पत्रात काही नाही, पण शाळेच्या डब्यात उरलेलं कुठे जातं हे एकदा तिला सहज विचारून बघा. रागावून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही.

थोडा हिशोब मांडू. ग्लुकोजचं एक बिस्किट साधारण वीस कॅलरी, चारचे झाले ऐंशी. तेल लावून लाटलेल्या आणि वर तूप घातलेल्या दोन पोळ्यांचे अडीचशे. म्हशीचं दूध वाटीभर, म्हणजे दीडशेच्या आसपास. तुमची चीज स्लाइस एकच धरली तरी सगळे मिळून साडेपाचशेला टेकले. ३२ किलोच्या कुत्र्याला काही न करता नुसतं पडून राहायला साडेनऊशेच्या आसपास कॅलरी लागतात, आणि वजन उतरवायचं असलं की डॉक्टर सुरुवातीला साधारण तेवढ्याच ठरवतात. म्हणजे बंडूच्या दिवसभराच्या वाट्यापैकी निम्म्याहून अधिक ‘थोडंसंच तर दिलं’ यातच संपतं. त्यात १७० ग्रॅम कोरड्या खाण्याचे सहाशे मिळवा. झाले साडेअकराशे. सोफ्यावर लोळणाऱ्या ४१ किलोच्या लॅब्राडॉरला ४१वरच राहायला साधारण एवढं पुरतं. काटा हलला नाही यात नवल काहीच नाही.

या हिशोबात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त खटकते. तुम्ही कापलंत ते कोरडं खाणं. त्याच्या ताटातला तोच एक भाग असा होता ज्यात प्रथिनं, क्षार आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. राहिलं काय, तर पोळी, दूध, बिस्किट आणि चीज. वजन उतरवताना चरबी जायला हवी, मांस नाही. त्यासाठी प्रथिनं कमी पडून चालत नाही. हेतू चांगला होता, कात्री चुकीच्या जागी लागली. तुमच्यासारखे दहातले आठ जण मला हेच करताना दिसतात, कारण पिशवीतलं खाणं आपल्या ताब्यात असतं आणि पोळी दुसऱ्या कुणाच्या हातात.

आता आबा. ‘कितीदा सांगितलं’ असं तुम्ही लिहिता. नेमकं काय सांगितलंत? माझा अंदाज: बिस्किट देऊ नका, पोळी देऊ नका, दूध देऊ नका. म्हणजे तीन नकार. आता त्यांच्या बाजूनं दिवस बघा. सकाळी तुम्ही सगळे आपापल्या कामाला लागलेले. चहा घेताना समोर बसायचं माणूस तीन वर्षांपूर्वी गेलं. त्या जागी बंडू येऊन बसतो, कपाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघतो. त्यांच्या पिढीला पानातला घास मुक्या जिवाला काढून ठेवायची सवय आहे. गाईला, कुत्र्याला शेवटची पोळी ठेवणारी घरं तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. आणि आपण सगळेच गुटगुटीत बाळांचं कौतुक करणारे लोक. कुणी चार किलो उतरवून आला की पहिला प्रश्न, ‘आजारी होतास का?’ अशा माणसाला ‘तुमच्यामुळे तो लठ्ठ झाला’ असं कडक शब्दांत सांगाल, तर ते दोन दिवस ऐकतील, तिसऱ्या दिवशी लपवून देतील. आणि लपवून दिलेलं हिशोबात येत नाही. तुम्हाला खरं तर त्याचीच भीती वाटायला हवी.

मला वाटतं आबांना थांबवायचं नाहीच आहे. हात आबांचाच राहू दे, हातातलं बदला.

कसं, ते सांगते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, पाच-सहाशे रुपयांपर्यंत मिळतो. वाटी, मग, ‘दोन मुठी’ यावर जाऊ नका. तोच मग तुम्ही भरला आणि नवऱ्यानं शिगोशीग भरला तर बराच फरक पडतो. रोज सकाळी बंडूचं दिवसाचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढायचं. दिवसभर त्याच्या तोंडात जे जाईल ते त्या डब्यातून. डबा संपला की दिवस संपला. आणि हा डबा आबांच्या ताब्यात. चहाच्या वेळी बिस्किटाऐवजी डब्यातल्या कोरड्या खाण्याचे चार दाणे, एकेक करून, हातानं. बंडूला बिस्किटाची चव लागते तितकीच, किंबहुना जास्त, आबांच्या बोटांची लागते. शिवाय कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते मोजतो. एका बिस्किटाचे आठ तुकडे म्हणजे त्याच्या लेखी आठ वेळा लाड.

पोळी मी पूर्ण बंद करायला सांगणार नाही. वरखर्चासाठी दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांपर्यंत मुभा असते. बंडूसाठी ती नव्वदच्या घरात. त्यात एक छोटा, तेल-तुपाशिवायचा फुलका बसतो. दुपारी अर्धा, रात्री अर्धा, नखाएवढे तुकडे करून. तो ‘बंडूचा फुलका’ म्हणून वेगळाच करा, म्हणजे आबांच्या ताटातल्या पोळीला हात लागणार नाही. याखेरीज काकडी, गाजर, उकडलेली फरसबी, उकडलेला दुधी यांचे तुकडे. लॅब्राडॉर असल्यामुळे तो हे सगळं मटकावेल. कांदा-लसणाची फोडणी पडलेली भाजी मात्र अजिबात नको, द्राक्षं आणि बेदाणे तर नकोतच. नाशिकला राहता म्हणून मुद्दाम सांगते. द्राक्षाच्या हंगामात घरात पेट्या येतात, आणि काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा द्राक्षांनीही निकामी होतात. तुमच्या मीटिंगसाठी आदल्या रात्री एक गाजर उभं चिरून फ्रीजरमध्ये टाका. चीज दोन सेकंदांत गिळलं जातं, गोठलेलं गाजर पाच मिनिटं चघळावं लागतं. मीटिंग तेवढ्यात संपत नसेल तर तो प्रश्न माझ्या सदराचा नाही.

कोरडं खाणं किती आणि कोणतं, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम बनवलेलं खाणं मिळतं. त्यात प्रथिनं आणि चोथा जास्त, कॅलरी कमी असतात. महाग असतं, हे मान्य. पण नेहमीचंच खाणं खूप कमी करून देण्यापेक्षा ते बरं, कारण पोटही भरतं आणि पोषणही राहतं. नेहमीच्या पिशवीवरचा तक्ता वाचायचा झाला तर ४१ किलोच्या ओळीत बघू नका, ३२च्या ओळीत बघा. आणि तो तक्तासुद्धा बहुतेकदा हात सैल ठेवून लिहिलेला असतो. घरचं शिजवून द्यायचं असेल तर तेही जमतं, पण नुसत्या दहीभातावर किंवा पोळी-दुधावर नाही. ते प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. जवळपास आहाराचं सांगणारं कुणी नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

बोर्डिंगचं उत्तर एव्हाना तुम्हाला मिळालं असेल. समजा तिथे तो दोन महिन्यांत पाच किलो उतरला. परत कुठे येणार? त्याच घरात, त्याच चहाच्या वेळेला, आणि दोन महिने न भेटलेल्या आबांकडे. पहिल्या आठवड्यात ते काय काय भरवतील याची कल्पना करा. शिवाय नऊ किलो दोन महिन्यांत उतरवणं बरं नव्हे. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के ही कुत्र्याची योग्य चाल. बंडूच्या बाबतीत सुरुवातीला चारशे ते आठशे ग्रॅम. सगळं सुरळीत झालं तर सहा महिने धरा, गणपती-दिवाळी मध्ये आली तर आठ.

‘पण तो भुकेला असतो हो, बघवत नाही,’ असंही तुम्ही लिहिलंय. हे नाटक आहे असं मी म्हणणार नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं की लॅब्राडॉरमध्ये सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत एका जनुकाचा छोटासा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची वर्दी मेंदूला नीट पोहोचत नाही, त्यामुळे दोन जेवणांच्या मध्ये अशा कुत्र्याला खरोखरच जास्त भूक लागते. पुढे त्याच गटानं २०२४मध्ये असंही दाखवलं की ही कुत्री स्वस्थ पडलेली असताना इतरांपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी ऊर्जा खर्च करतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी, दोन्हीकडून मार. बंडूत तो दोष आहे का, हे तपासल्याशिवाय कळणार नाही आणि तपासायची गरजही नाही, कारण उपाय तोच आहे. पण त्याला हावरट म्हणणं आपण थांबवू शकतो. जेवण लांबवा. दाणे ताटलीत न देता जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पसरा, अंगणात उधळा आणि शोधू द्या. दीड मिनिटात संपणारं जेवण पंधरा मिनिटं चालतं. मुलीला हे काम द्या, तिला आवडेल.

नसबंदीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘ऑपरेशन केलं नसतं तर हे झालं नसतं.’ असं नाही. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण वीस ते तीस टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. त्याच आठवड्यापासून ताट कमी करायला हवं, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ती चूक आम्हा पशुवैद्यांची जास्त आहे, तुमची कमी.

एक शंका मात्र रक्त तपासून मिटवून घ्या. सगळा लठ्ठपणा खाण्याचा नसतो. थायरॉइड मंदावलेला कुत्रा कमी खाऊनही फुगतो. तो सुस्त होतो, उबेला जाऊन बसतो, दोन्ही कुशींवरचे किंवा शेपटीवरचे केस विरळ होतात. नुसतं पोटच वाढलंय, पाठीचा कणा हाताला टोचतोय, पाणी आणि लघवी दोन्ही वाढलंय, तर ती चरबी नव्हे, दुसरं काहीतरी आहे. आहार कमी करण्याआधी डॉक्टर. बंडूची लक्षणं मला तशी वाटत नाहीत, पण पत्रावरून निदान करणाऱ्या डॉक्टरवर, म्हणजे माझ्यावर, तुम्हीही विसंबू नका.

फिरवण्याबद्दल. वाढवलंत ते चांगलंच आहे, त्याच्या मनासाठी आणि स्नायूंसाठी. पण अर्धा-पाऊण तास चालून त्याचा खर्च होतो तो एखाद-दुसऱ्या पोळीइतकाच. घरी आल्यावर ‘दमला बिचारा’ म्हणून तीच पोळी मिळाली तर जमा-खर्च शून्य. आणि ४१ किलो घेऊन त्याला पळवू नका, चेंडूमागे उड्या मारायला लावू नका. गुडघ्याच्या आतला बंध तुटला तर एवढ्या जड कुत्र्याला बहुतेकदा ऑपरेशनच करावं लागतं. दोन वेळा वीस-वीस मिनिटं सावकाश, मग दर आठवड्याला थोडं जास्त. उन्हाळ्यात पहाटे किंवा पूर्ण अंधार पडल्यावर. निघताना हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता सोसणार नाही. लठ्ठ कुत्र्याला उष्माघात फार लवकर गाठतो. घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या टाका. घसरत घसरत उठणारा जड लॅब्राडॉर हे सांधेदुखीचं आमंत्रण आहे.

आता तुमच्या नवऱ्याच्या ‘तेवढंच त्याचं सुख’बद्दल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो प्रेमातून येतो. त्यांना एक प्रयोग सांगा. प्युरिना या कंपनीनं १९८७मध्ये लॅब्राडॉरची ४८ पिल्लं घेतली, भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला ठरलेलं खाणं, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी, आयुष्यभर. निकाल २००२मध्ये छापून आला. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मी कुत्री जगली ते, १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. (खाणं विकणाऱ्या कंपनीनंच ‘कमी द्या’ असं सिद्ध करावं, याची मला अजून गंमत वाटते.) आणि मला पावणेदोन वर्षांपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: सांधेदुखीची कायमची औषधं सुरू करायची वेळ कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. त्यांच्या भावंडांपैकी निम्मी दहा-साडेदहा वर्षांची होईपर्यंत गोळ्यांवर होती. तेव्हा सुखाचा हिशोब करताना, दहाव्या वर्षी बंडूला जिना चढता येतो की नाही, हेही त्यात धरायला हवं. ती जास्त खाणारी कुत्री फार लठ्ठ नव्हती, बरं का. बंडूपेक्षा जाड नसतील.

जाड कुणाला म्हणायचं, हे आबांना आणि नवऱ्याला तुमच्या शब्दांनी पटणार नाही, त्यांच्या बोटांनी पटेल. रविवारी सगळ्यांना एकत्र बसवा. डाव्या हाताची मूठ वळून उजव्या हाताची बोटं वरच्या गाठींवरून फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर प्राणी हडकुळा. मग पंजा सरळ करून त्याच्या मागच्या बाजूवरून फिरवा: हाडं दिसत नाहीत, पण बोटांना सहज कळतात. असं हवं. आता पंजा उलटा करून तळहातावरून फिरवा: हाड शोधायला दाबावं लागतं. आता बंडूच्या बरगड्यांवर हात ठेवा आणि कोणता हात आठवतो ते प्रत्येकानं सांगायचं. नंतर उभ्या कुत्र्याकडे वरून बघा, बरगड्यांनंतर कंबर आत जायला हवी. बाजूनं बघा, पोट मागे जाताना वर चढायला हवं. बंडू वरून पिंपासारखा दिसत असेल. आम्ही डॉक्टर याला एक ते नऊ गुण देतो. कुत्र्याला चार-पाच आणि मांजराला पाच म्हणजे उत्तम, आणि पुढच्या प्रत्येक गुणामागे वजन साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त. बंडू सातवर असावा. चिंगी आठ किंवा नऊवर. जास्त गुण मिळाले की नापास होणारी ही एकच परीक्षा, असं मुलीला सांगा.

यात कुणी स्वतःला हुशार समजू नये. मी गेली वीस वर्षं दवाखान्यात लोकांना हे समजावते, आणि माझ्या स्वतःच्या गावठी कुत्रीची कंबर कधी नाहीशी झाली ते मला कळलं नव्हतं. रोज समोर असलेलं वाढताना दिसत नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोटो फोनमध्ये वर आला आणि मी तो मोठा करून बघत बसले. माझी आई तिला उपमा द्यायची. आणि मी पोहे द्यायची.

लांब केसांच्या कुत्र्यांत तर डोळ्यांवर विसंबूच नका, केसांखाली काय आहे ते हातच सांगतो. पग पाळणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. त्यांचा श्वास मुळातच अरुंद वाटेनं चालतो, त्यात मानेची चरबी भर घालते, आणि घोरणं ऐकून घरचे हसत असतात. गावठी कुत्र्याच्या मालकांना उलटा त्रास असतो. त्यांच्या कुत्र्याची कंबर असावी तशी असते आणि सोसायटीतले लोक विचारतात, ‘खायला देत नाही का?’ त्यांनी ऐकून सोडून द्यावं.

आता चिंगी. ६.३ विरुद्ध ४.५ म्हणजे चाळीस टक्के जास्त. ५५ किलोची बाई ७७ किलोची व्हावी, तसं. तिचं बशीभर खाणं दिवसभर भरलेलंच असतं, असं तुम्ही लिहिता. पहिली गोष्ट ती बशी उचला. तिला दिवसाला साधारण पावणेदोनशे कॅलरी पुरतील, म्हणजे कोरडं खाणं पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम. एक छोटी मूठ. ती पाच भागांत द्या. त्यातला एखादा भाग ओल्या खाण्याचा असेल तर पाणीही पोटात जातं आणि तेवढ्याच कॅलरीत बशी भरलेली दिसते. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत. दूध बंद, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. आणि तिला पोळी-भातावर बारीक करायला जाऊ नका. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं, आणि कमी पडलं तर हृदय आणि डोळे दोन्ही जातात. तिचा वेग बंडूहून कमी ठेवायचा: आठवड्याला अर्धा ते एक टक्का, तीस ते साठ ग्रॅम. वर्ष लागलं तरी चालेल.

दोघं एकाच घरात म्हणजे चोऱ्या होणार. मांजराचं खाणं कुत्र्याला मेजवानी वाटते. चिंगीची बशी फ्रीजवर किंवा कपाटावर ठेवा. चढायची मेहनत तिची, पोहोचायची सोय बंडूची नाही. पण ती आत्ता जड आहे, तर सुरुवातीला मध्ये एक स्टूल ठेवा. वीस मिनिटांनी बशी उचलायची. दिवसातून दोन-तीनदा दोरीच्या टोकाला कागदाचा बोळा बांधून पाच मिनिटं पळवा. आणि पोटाखाली लोंबणारी सैल कातडी बघून निराश होऊ नका. ती सडपातळ मांजरालाही असते.

वजन दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, एकाच वेळी. बंडूसाठी दवाखान्यातला मोठा काटा. बहुतेक डॉक्टर नुसत्या वजनाचे पैसे घेत नाहीत. चिंगीला पिंजऱ्यात ठेवून मोजायचं आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजा करायचं. तिला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहिलं तर पन्नास ग्रॅमचा फरक दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी मांजराला कापडी पिशवीत घालून रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला अडकवायच्या आणि आकडा चिठ्ठीवर लिहून आणायच्या. मांजराला ते आवडत नसणार, पण आजींची एकही तारीख चुकली नाही. सलग दोन मोजण्यांत आकडा तोच राहिला तर आधी घरात चौकशी करा, मग डॉक्टरांना विचारून खाणं आणखी पाच-दहा टक्के कमी करा. मधल्या टप्प्यावर असं अडणं नेहमीचं आहे.

आणि ही नोंद आबांकडे द्या. ज्यांनी नोकरीभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, सुटलेल्या आणि आलेल्या गाड्यांची नोंद ठेवली, त्यांना तुम्ही आजवर फक्त ‘देऊ नका’ एवढंच काम दिलंत. एक दोनशे पानी वही आणा. तारीख, डब्यात किती ग्रॅम भरलं, वर काय दिलं, कुणी दिलं. रकाने त्यांनाच आखू द्या, तुमच्यापेक्षा सरळ आखतील. चीजचा रकानाही त्यात असू दे. तो तुम्ही भरायचा, आणि आबांसमोर.